असल कोण, नक्कल कोण?

दोस्तांनो,

गेल्या हिवाळ्यात तिवस्याला एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला जायचा योग आला. तिवसा कुठं आहे ठाऊक आहे ना? अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलात, की आधी तुकडोजी महाराजांचं मोझरीचं गुरुकुंज लागतं आणि मग तिवसा. संत्र्याचा नि कपाशीचा हा मुलूख. रुक्मिणीचं माहेर म्हणून सांगतात ते कौंडण्यपूर ह्याच तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी.

तर, लेझीम झालं, कोळीगीत झालं (समुद्र कुठल्या कुठं, पण विदर्भातल्या संमेलनात कोळीगीत हवंच!), आणि मग माइकवरून पुकारा झाला, "आता सादर होत आहे, रॅप!"

नववीची चार पोरं उड्या मारत आली. उलट्या टोप्या, काळे गॉगल, गळ्यात सोनेरी कागदाच्या जाडजूड साखळ्या. हात असे फेकत होती, की जणू अंगावरच्या माशा हाकलताहेत! तोंडी शब्द कुठले? 'अपुन', 'भाई', 'बंटाय', 'लोकल', 'खोली'. टाळ्या-शिट्ट्यांनी मांडव दणाणला. मीही हसलो.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत चिवडा खाताना त्या पोरांनी मला गाठलं. "काका, कसा वाटला जी आमचा रॅप?"

मी काही बोलायच्या आत आठवीतली एक मुलगी मधेच म्हणाली, "काका, एक इचारू काय? टीव्हीवाल्यायनं आपल्या बोलीची नक्कल केली का आपल्याले राग येते. मंग ह्या पोट्ट्यायनं मुंबईवाल्यायची केली तं चालते काय जी?"

चौघेही गप्प. मीही गप्प! चिवड्याचा घास हातात तसाच राहिला.

खरं सांगू? तिनं नेमकं माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

मी शिकायला पुण्याला होतो तेव्हाची गोष्ट. वसतिगृहात कुणी पाहुणा आला, की मित्र म्हणत, "अरे, जरा वऱ्हाडी बोलून दाखव ना!" मग मी सुरू. खरं तर आमच्याकडे 'बे' कुणाला म्हणायचं नि कुणाला नाही, ह्याचे कायदे कडक. बरोबरीच्या मित्राला 'काय बे' चालतं. वडीलधाऱ्यांशी मात्र 'हो जी', 'काय जी'. पण 'जी'ला कोण हसणार? म्हणून मी आजीच्याही तोंडी 'बे' घालायचो. पोरं लोळायची हसून. मला वाटायचं, आपण किती लाडके!

एकदा मामा आले. धोतर, टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. दारातच म्हणाले, "काय करून राह्यला रे बाबू? जेवला काय?" आणि खोलीतली पोरं खदाखदा हसली. त्यांना वाटलं, हीसुद्धा गंमतच! त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? ही बोली ऐकली की हसायचं, हे त्यांना मीच तर शिकवलं होतं.

त्या दिवशी मामा फार बोलले नाहीत. संत्री ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

म्हणून त्या मुलीला मी म्हटलं, "पोरी, ह्याचं उत्तर एका वाक्यात नाही देता येणार. आधी रॅपचीच गोष्ट ऐका." ती गोष्ट आज तुम्हालाही सांगतो.

रॅप हे 'हिप-हॉप' नावाच्या एका मोठ्या कुटुंबातलं एक भावंडं. ह्या कुटुंबाचा वाढदिवस मानतात तो ११ ऑगस्ट १९७३. गाव न्यूयॉर्क, वस्ती ब्राँक्स. तिथं गरीब काळे आणि स्पॅनिश बोलणारे लोक राहायचे. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे कुठून आणायचे? तिनं इमारतीतल्या सामायिक खोलीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला आणि थोडंसं तिकीट लावलं. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, वय वर्षे १८. लोक त्याला 'कूल हर्क' म्हणत.

हर्कनं एक हेरलं होतं. गाण्यात मध्येच नुसता ढोल-ताशासारखा ताल येतो, तेव्हा नाचणाऱ्यांच्या अंगात येतं. पण तो तुकडा असतो काही सेकंदांचा. मग त्यानं काय केलं? एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. ताल संपेचना! त्या तालावर माइक घेऊन यमकं जुळवत बोलणं सुरू झालं, आणि त्याचंच पुढं रॅप झालं.

आता गंमत बघा. हा हर्क जमैका बेटावरून १९६७ साली न्यूयॉर्कला आलेला. सुरुवातीला तिथली पोरं त्याच्या बोलण्याच्या ढंगाला हसायची! म्हणजे ज्याच्या बोलीला हसले, त्याच्याच हातून जगभर गाजलेली कला सुरू झाली.

ब्राँक्सच्या पोरांचा एक अलिखित नियम होता. दुसऱ्याच्या ओळी चोरायच्या नाहीत. चोरणाऱ्याला ते 'बायटर' म्हणत, म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास तोडणारा. आणि तरीही, १९७९ साली रॅपचं जे पहिलं गाणं मोठ्या प्रमाणावर गाजलं, 'रॅपर्स डिलाइट', त्यातच ही चोरी होती! ते गाणाऱ्या तिघांपैकी बिग बँक हँक हा पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. त्यानं ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या ब्राँक्सच्या कवीच्या वहीतल्या ओळी घेतल्या. इतक्या जशाच्या तशा, की ओळीत कॅझनं स्वतःचं टोपणनाव एकेक अक्षर सुटं करून गुंफलं होतं, तेही हँकनं तसंच गाऊन टाकलं! परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरवरून उतरवताना त्याचं नावसुद्धा उतरवणाऱ्या बहाद्दरासारखं. गाणं जगभर वाजलं, पण कॅझच्या पदरी ना नाव आलं, ना पैसा.

मग १९९० साली आला व्हॅनिला आइस. गोरा पोरगा. त्याचं 'आइस आइस बेबी' अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधी कुठल्याही रॅप गाण्याला हा मान मिळाला नव्हता. पण त्याची चाल उभी होती ती १९८१ सालच्या दुसऱ्याच एका गाण्याच्या सुरावटीवर, आणि सुरुवातीला त्याचं श्रेय दिलं नव्हतं. शिवाय आपण रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत वाढलो, अशी जी जीवनकथा त्याच्या नावानं पसरली, तीही बरीचशी रचलेली निघाली. लोक संतापले. कातडी गोरी म्हणून नव्हे हं! न भोगलेलं दुःख भोगलं म्हणून सांगितलं, ह्याचा तो राग होता. एमिनेमसुद्धा गोराच. पण तो डेट्रॉइटच्या गरिबीत वाढला, तिथल्या काळ्या रॅपरांसमोर भर सभेत सवाल-जवाबाला उभा राहिला, हरला, पुन्हा उभा राहिला. त्याला त्याच लोकांनी आपलं म्हटलं.

आणि व्हॅनिला आइसच्या त्याच गाण्यावर आपल्या बाबा सेहगलनं १९९२ साली 'ठंडा ठंडा पानी' केलं. नकलेची नक्कल! पण मी न्यूयॉर्कच्या गल्लीतला, असा आव त्यानं आणला नाही. उघड-उघड गंमत केली, म्हणून लोकही मोकळेपणी हसले.

म्हणजे गंमत करायला सगळी मुभा का? थांबा. १९९५ साली कूलिओ नावाच्या रॅपरचं एक गंभीर गाणं गाजलं, 'गँगस्टाज पॅराडाइज'. त्याची चाल स्टीव्ही वंडरच्या १९७६ सालच्या गाण्याची. वंडरनं अट घातली होती, शिव्या काढा, मगच परवानगी. पुढच्याच वर्षी विअर्ड अल यांकोविकनं कूलिओच्या गाण्याचं विडंबन केलं, अमिश लोकांवर. हे अमिश म्हणजे अमेरिकेत मोटारगाडी न बाळगता घोडागाडीतून हिंडणारे साधे शेतकरी. कूलिओ भडकला, मला विचारलंच नाही म्हणून. अलला वाटत होतं की परवानगी मिळाली आहे. अलनं माफी मागितली. पुढं कूलिओच म्हणाला, मी उगाच रागावलो, आणि दोघांचं गोड झालं. कूलिओ २०२२ साली वारला.

पण दोस्तांनो, ह्या भांडणात एका मंडळींचं नावच कुणी काढत नाही. ज्यांच्यावर विनोद झाला, त्या अमिशांचं! ते बिचारे टीव्हीच बघत नाहीत. उत्तर देणार कसे?

मला तर माझे मामाच आठवले. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याची नक्कल करणं सगळ्यांत सोपं असतं.

म्हणून काय, दुसऱ्याच्या आवाजात कधी बोलूच नये? तसंही नाही. पैठणच्या एकनाथांची भारुडं आठवा. नाथ ब्राह्मण, पण भारुडात कधी ते जोगवा मागतात, कधी वासुदेव होतात, कधी महार होऊन बोलतात. आणि तिथला महार हसण्याचा विषय होत नाही. तोच मोठमोठ्या पंडितांना शहाणपण शिकवतो. नाथांनी आवाज घेतला, पण आवाजाच्या धन्याला मान देऊन.

अमरावतीचे भारत गणेशपुरे घ्या. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मधून त्यांची वऱ्हाडी घरोघरी पोचली. त्यांना लोक हसतात, पण आपली माणसंही पोट धरून हसतात, कारण कुठल्या शब्दावर किती जोर द्यायचा नि कुठं थांबायचं, हे त्यांना घरातून आलेलं आहे. बाहेरचा नकलाकार करतो काय? 'ला'च्या जागी 'ले' टाकतो, चार 'बे' पेरतो, झाली वऱ्हाडी!

अशा नकलेमुळे आपली बोली म्हणजे गावंढळ, असं तुम्हालाही वाटायला लागलं असेल, तर जरा रिद्धपूरला जाऊन या. तिवस्याच्या शेजारच्याच मोर्शी तालुक्यात आहे. मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानतात ते 'लीळाचरित्र' तिथं १३ व्या शतकात लिहिलं गेलं. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग' कादंबरी लिहिली, तिच्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते. ती वाचताना कुणाला हसू येत नाही, डोळे भरून येतात.

आणि मुंबईची पोरं? कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ साली आयपॅडवरच आपलं गाणं तयार केलं. अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर २०१५ साली त्याचं 'मेरे गली में' आलं. ह्या दोघांवरून सुचलेला 'गली बॉय' सिनेमा २०१९ साली निघाला. त्यांनी न्यूयॉर्कचा ताल घेतला, पण गल्ली स्वतःची सांगितली. त्याच वर्षी 'स्वदेसी' ह्या मुंबईच्या गटानं 'द वारली रिव्होल्ट' केलं. त्यात वारल्यांचं सोंग घेतलं नाही. आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर ह्या वारली माणसालाच बरोबर घेऊन गायलं. फरक कळला ना?

एवढं ऐकून त्या चौघांपैकी एक जण म्हणाला, "पण काका, आमच्या गावात लिव्ह्यासारखं हाय काय? तिथं काही होतच नाई."

मी विचारलं, "आज सकाळी काय झालं ते सांग."

"काही नाई जी. बाबा झोपले होते."

"का रे?"

"रात्री दोनले वावरात गेले होते न. थ्या टायमालेच लाईन येते. मोटर चालू करा लागते, गव्हाले पाणी द्या लागते. थंडी हाय, साप-इचू हाय... माय जागीच राह्यते."

खोलीत कुणीच बोललं नाही. ती आठवीतली मुलगी हळूच म्हणाली, "हे लिव्ह न बाप्पा."

त्यानं चिवड्याच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं:

रातच्या दोनले लाईन येते, बाप वावरात जाते,
टॉर्चच्या उजेडात गव्हाले पाणी पाजते.

एकानं बाकावर ठेका धरला. मोझरीच्या खंजिरी भजनांवर वाढलेली पोरं ती, ठेका शिकवायला लागला नाही. दोन ओळींच्या सहा झाल्या. गॉगल कधीचे खिशात गेले होते. कागदाची साखळी तेवढी गळ्यात राहिली होती. ती चिमुकल्या बहिणीला खेळायला दिली.

तेव्हा दोस्तांनो, नक्कल जरूर करा. नकलेतूनच माणूस शिकतो. पण करण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. ज्याची नक्कल करतोय, तो समोर बसला असता तर मी हीच केली असती का? ज्याचं घेतलं, त्याचं नाव मी सांगितलं का? आणि माझं स्वतःचं काही त्यात आहे का?

मला हे तीन प्रश्न फार उशिरा सुचले. मामा आता नाहीत. 'तुमच्या बोलीला मी चुकीचं हसवलं' हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. म्हणून तुम्हाला सांगितलं.

आता तुमची पाळी. तुमच्या घरी जशी बोलतात, अगदी त्याच बोलीत चार ओळी लिहा. आधी आजीला वाचून दाखवा. ती हसली तर उत्तम, गप्प झाली तर त्याहून उत्तम. आणि मग आम्हाला पाठवा. वाट पाहतो जी!

तुमचा,
काका