समजूत घालणारांस

आपल्या मराठीत दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी नांदतात. एक, समजून घेणे. दुसरा, समजूत घालणे. पहिल्यात काही घ्यावयाचे असते, दुसऱ्यात घालावयाचे. आणि आपल्याकडे घेणारे थोडे, घालणारे उदंड! सुनेचे डोळे ओले दिसले की मावशी समजूत घालतात. मुलगा नापास झाला की काका समजूत घालतात. भाऊ वाटणीवरून भांडले की गावातला शहाणा समजूत घालतो. हल्ली तर ह्या उद्योगाची रीतसर कार्यालये निघाली आहेत. त्याला समुपदेशन म्हणतात. शब्दातच उपदेश दडून बसलेला. तेव्हा तेथे बसणाऱ्या माणसाला तरी किती दोष द्यावा?

मी हे बाहेरून बोलत नाही. मीही ह्याच पंथातला. दुसऱ्यांच्या मोडत्या संसारांपुढे बसून मी कित्येक वर्षे शहाणपण वाटले आहे. त्या शहाणपणावर उतारा मिळाला तो काठी गावी.

काठी हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या कुशीतले गाव. एके काळी मेवासी संस्थानाचे ठिकाण. तेथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. नवस केलेली माणसे मोरपिसांचे टोप घालून, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधून रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात. एका शिक्षक मित्राच्या घरी उतरून मी ती होळी पाहिली. परंतु सांगावयाचे आहे ते दुसऱ्या दिवशीचे.

मित्राच्या शेजारी एका तरुण जोडप्याचा तंटा पंचांपुढे आला होता. दोघे गुजरातेत ऊसतोडीला गेले होते, होळीसाठी परतले, आणि बायको सासरी न येता सरळ माहेरी गेली. ‘आता परत जाणार नाही,’ म्हणाली. मी पाहुणा, गप्प बसावयाचे होते. पण अंगातली खोड! आदल्या रात्री नवरा झिंगलेला मी पाहिला होता. एवढ्यावरून सारा खटला माझ्या मनात निकालात निघाला. मी पाव तास दारूवर, संसारावर, मुलांच्या भवितव्यावर बोललो. मित्राने वाक्यावाक्याला त्यांच्या बोलीत सांगितले. कोणी काही बोलले नाही. मला वाटले, परिणाम झाला. मग मुलीची आजी मित्राला काहीतरी म्हणाली आणि तो कानकोंडा झाला. मी खोदून विचारले तेव्हा त्याने सांगितले, ‘‘ती विचारते, पाहुणा ऐकायला आला आहे की ऐकवायला?’’

त्यानंतर म्हातारीने नातीला पुढे बसवले आणि बोलते केले. तिने दारूचा उल्लेखही केला नाही. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर, आणि घेतो नवरा. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि शिवाय पहाटे भाकरी तिलाच थापाव्या लागतात. यंदा उचल किती घेतली, कशाला घेतली, हे तिला हंगाम निम्मा सरल्यावर कळले. ‘मी कोयत्यात अर्धी आहे, तर मला विचारले का नाही?’ हा तिचा प्रश्न होता. तो न ऐकता मी तिला उत्तर देऊन मोकळा झालो होतो!

एका वृद्ध पंचाने नवऱ्याला विचारले, ‘‘ती काय म्हणाली, सांग.’’ तो म्हणाला, ‘‘तिला काम नको आहे.’’ मुलीने मान हलवली. दुसऱ्यांदाही हलवली. तिसऱ्यांदा तो हळू म्हणाला, ‘‘मी तिला न विचारता तिची मेहनत विकली.’’ तेव्हा कोठे तिने मान वर केली. पुढची तडजोड ठरावयास फारसा वेळ लागला नाही. पुढची उचल दोघांच्या देखत मोजून घ्यावी, एवढेच ठरले.

ह्यात रानावनातली काही गूढ विद्या होती असे कोणी समजू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स ह्याने 1951 साली एका व्याख्यानात नेमकी हीच युक्ती सुचवली होती. वाद चालू असता प्रत्येकाने स्वतःचे म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आणि त्यामागची भावना त्याचे समाधान होईल अशा रीतीने सांगून दाखवावी. ऐकावयास सोपे, करावयास महाकठीण. कारण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले की आपणच बदलण्याचा धोका असतो, असे रॉजर्सचे म्हणणे. आपण उपदेशाकडे धावतो ते ह्याच भीतीने. उपदेश करणाऱ्याला बदलावे लागत नाही.

‘म्हणजे जातपंच थोर आणि शिकलेले मूर्ख, असेच ना?’ असे कोणी विचारील. मुळीच नव्हे. ह्याच सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारझोड केल्याच्या घटना घडल्या आहेत. महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगीच नव्हे. जिला डाकीण ठरवले, तिचे ऐकावयास पंच बसत नाहीत. काठीच्या त्या अंगणातही म्हातारी पुढे झाली नसती, तर मुलीऐवजी तिचा बाप बोलला असता. तेव्हा माझा पक्ष पंचांचा नाही आणि कार्यालयाचाही नाही. ज्याचे दुःख आहे त्याच्या तोंडून ते ऐकले गेले की नाही, एवढाच माझा सवाल आहे.

आता आपले सरकारी प्रयत्न पाहा. महाराष्ट्रात 2007 साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. हेतू उत्तम. परंतु गावांना गुण द्यावयाचे, बक्षिसे द्यावयाची, आणि त्यासाठी मिटलेले तंटे मोजावयाचे, असा तिचा घाट. 2023 साली मध्यस्थीचा कायदा झाला. त्यात मध्यस्थी 120 दिवसांत पुरी करावी, फार तर आणखी 60 दिवस घ्यावेत, असे आहे. मुदत असावी, हिशेबही असावा. पण मिटलेले तंटे मोजता येतात, तसे ऐकलेली माणसे मोजता येत नाहीत. मग जे मोजता येते त्याच्याच मागे माणसे लागतात. सह्या होतात, हार घातले जातात, फोटो निघतो. आणि बाई घरी जाऊन पुन्हा तेच सोसते. हे तंटा मिटवणे नव्हे. तक्रार करणाराचे तोंड मिटवणे आहे. विशेषतः जेथे मारहाण आहे तेथे ‘दोघांनी थोडे थोडे सोसा’ म्हणणारा मध्यस्थ हा मारणाऱ्याचा भागीदार होतो. त्या बाईचे खरोखर ऐकणारा आधी विचारील, ‘‘आज रात्री तू सुरक्षित आहेस का?’’

आणि ही गोष्ट नवराबायकोपुरती नाही. काठीच्याच तालुक्यात नर्मदेच्या काठी मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे आली, त्यांत हे पहिल्या ओळीतले. नर्मदा जलविवाद लवादाने 1979 साली निवाडा दिला. पाणी कोणत्या राज्याला किती, ह्यावर राज्ये भांडली आणि राज्यांचे ऐकले गेले. पुनर्वसनाच्या अटीही निवाड्यात लिहिल्या. पण ज्यांचे अंगण बुडणार ते त्या वादात पक्षकारच नव्हते!

लोक लढले तेव्हा जागतिक बँकेने 1991 साली स्वतंत्र समिती नेमली. ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष आणि थॉमस बर्जर उपाध्यक्ष. हा बर्जर कॅनडातला न्यायाधीश. 1970 च्या दशकात तेथील उत्तरेकडे वायूची नळवाहिनी न्यावयाची होती, तेव्हा चौकशीसाठी तो 35 वस्त्यांत स्वतः गेला. लोक आपापल्या भाषांत बोलले आणि त्याने ते ऐकले. 1977 च्या अहवालात त्याने दहा वर्षे थांबण्याची शिफारस केली. तोच माणूस नर्मदेकाठी आला. 1992 च्या अहवालात समितीने स्वच्छ म्हटले की आहे त्या परिस्थितीत विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही. 1993 साली बँकेचे कर्ज थांबले.

‘पण धरण तर झालेच ना?’ झाले. 2017 साली त्याचे लोकार्पणही झाले. ऐकणे म्हणजे विजय नव्हे, आणि ऐकणे म्हणजे होकारही नव्हे. ऐकून घेऊन नाही म्हणता येते. पण न ऐकता दिलेला निर्णय, मग तो चांगला का असेना, ऐकणाराला अपमानासारखा लागतो. आणि अपमान पिढ्यानपिढ्या पुरतो. काठीच्या मुलीला उचलीच्या पैशांपेक्षा न विचारल्याचे दुःख अधिक होते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात माणसे जमली असतील. भाऊबीजेला बहीण येईल. ‘‘कसे चालले आहे?’’ असे आपण विचारू, आणि ती ‘‘बरे आहे,’’ म्हणताच चिवड्याची ताटली पुढे करू. यंदा ताटली जरा उशिरा पुढे करा. ती काही बोललीच, तर ‘‘अगं, असे चालायचेच,’’ म्हणू नका, तोडगाही सांगू नका. ‘‘म्हणजे तुला असे वाटते का?’’ एवढे विचारा आणि तिने मान हलवली तर पुन्हा विचारा. मला हे वयाच्या उतरणीवर एका परक्या म्हातारीने शिकवले. तुम्हांला तरी इतका उशीर होऊ नये.