खेकड्याचे कूळ कोणते?

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्या वाट्याला फॉर्मॅलिनच्या बरणीतला ओढ्याचा खेकडा आला. चिठ्ठी झाकलेली होती. मी कूळ लिहिले ‘गेकार्सिनुसिडी’. जुन्या चिठ्ठीवर होते ‘पॅराथेल्फुसिडी’. गुण गेला. त्याचे मला फारसे दुःख नाही. पण एक मित्र म्हणाला, “शास्त्रज्ञच रोज नावे बदलतात, मग पाठ तरी कशाला करायचे?” हे मात्र मला पटले नाही.

१७५८ साली लिनियसने बहुतेक सारे खेकडे ‘कॅन्सर’ या एकाच प्रजातीत घातले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत खेकड्यांच्या ६,७९३ जाती आणि ९३ कुळे आहेत. एवढा पसारा एकदाच मांडून कायमचा कसा बसेल?

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचेच पाहा. १९७० साली बॉट या शास्त्रज्ञाने त्यांची दहाच्यावर कुळे केली. कवचाच्या पुढच्या कडेवरचा त्रिकोण, अशा खुणांना तेव्हा मोठे वजन होते. पुढे डीएनएची साक्ष काढली, तेव्हा अशा खुणा नेहमीच नाते सांगत नाहीत असे दिसले. २००९ च्या सुमारास पॅराथेल्फुसिडी हे कूळ गेकार्सिनुसिडीत विलीन झाले आणि एकूण कुळे पाचावर आली. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतले बहुतेक खेकडे याच गेकार्सिनुसिडीतले.

दिसणे आणि नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर पॅसिफिकमधला ‘किंग क्रॅब’ पाहिला तर कोणीही त्याला खेकडाच म्हणेल. पण पाय मोजा! नांग्या सोडल्या तर चालायच्या पायांच्या तीनच जोड्या दिसतात, खऱ्या खेकड्याला चार असतात. त्याची जवळची सोयरीक रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या हर्मिट खेकड्याशी आहे.

तेव्हा नाव बदलले म्हणजे शास्त्र डळमळले असे नव्हे. नवा पुरावा आला आणि जुने मत सोडले, एवढेच झाले. आम्ही मात्र यादी पाठ करतो आणि तिच्यामागचे कारण विचारत नाही. परीक्षेतही कारण कोणी विचारत नाही. माझ्या मते कुळाच्या नावाला एक गुण असेल, तर ते का, याला दोन असावेत.

आणि प्राध्यापकांना एक विनंती. बरणीवरची जुनी चिठ्ठी काढू नये. तिच्याखाली नवी लावावी, सालासकट. आणि पुढच्या चिठ्ठीपुरती थोडी जागा राखावी.