डॅशबोर्डच्या कप्प्यातले पिस्तूल

अमेरिकेत एकविसावे वर्ष पूर्ण झाल्याशिवाय बिअरची बाटली विकत घेता येत नाही. डिसेंबर २०१९ पासून सिगारेटचे पाकीटही मिळत नाही. पण लुइझियाना राज्यात ४ जुलै २०२४ पासून अठरा वर्षांचा मुलगा परवाना न काढता, कसलेही प्रशिक्षण न घेता, भरलेले पिस्तूल कपड्यांआड लपवून हिंडू शकतो. साउथ कॅरोलायनाने त्याच वर्षी मार्चमध्ये हेच केले. टेनेसीने २०२१ मध्ये विनापरवाना पिस्तुलासाठी, सैन्यातल्या तरुणांचा अपवाद सोडला तर, २१ वर्षांची अट घातली होती. त्या अटीवर खटला झाला आणि २०२३ मध्ये राज्याने लढण्याऐवजी तडजोड करून ती १८ वर आणली. विनापरवाना पिस्तूल बाळगू देणारी राज्ये आता २९ झाली आहेत. त्यांतल्या काहींनी २१ ची अट अजून धरून ठेवली आहे, पण तिच्या खालची जमीन सरकू लागली आहे.

ही अट कुणाच्या लहरीतून आलेली नव्हती. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने परवानाधारक दुकानदाराला २१ वर्षांखालील व्यक्तीला पिस्तूल विकण्यास मनाई केली. रायफल आणि शॉटगनसाठी वय १८ ठेवले. फरक मुद्दाम केला होता, कारण पिस्तूल खिशात मावते, लपते आणि भांडणाच्या भरात क्षणात हातात येते. खासगी विक्रेत्याकडून अठराव्या वर्षी ते घेण्याची फट त्या कायद्यात तेव्हापासूनच आहे. ती बुजवायची सोडून आता भिंतच पाडली जात आहे.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात नवी कसोटी लावली. शस्त्रांवरचे कोणतेही बंधन अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसते की नाही एवढेच पाहायचे. त्याने जीव वाचतात का, हा प्रश्न गैरलागू ठरला. दोन महिन्यांत टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायाधीशांनी १८ ते २० वयोगटावरची पिस्तूल घेऊन हिंडण्याची बंदी रद्द केली. जुलै २०२४ मध्ये मिनेसोटाची तशीच बंदी अपील न्यायालयात कोसळली आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायलाही नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय न्यायव्यवस्थेच्या पाचव्या विभागाच्या, अपील न्यायालयाने थेट १९६८ च्या विक्रीबंदीवरच घाव घातला. याउलट पार्कलंडच्या शाळेतील हत्याकांडानंतर फ्लोरिडाने २०१८ मध्ये खरेदीचे वय २१ केले होते, ते अकराव्या सर्किटने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवले. चौथ्या सर्किटनेही त्याच वर्षी केंद्रीय बंदी उचलून धरली. म्हणजे एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली, एकोणीस वर्षांच्या मुलाचा हक्क तो कोणत्या सर्किटमध्ये राहतो यावर ठरतो.

बंदी उठवणारे न्यायाधीश १७९२ च्या मिलिशिया (नागरी सेना) कायद्याकडे बोट दाखवतात. त्यात १८ वर्षांच्या तरुणांची नोंदणी होत असे. पण त्याच काळात २१ वर्षांखालील व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने अज्ञान होती. तिला स्वतःच्या नावाने करारही करता येत नसे. इतिहासाचे एक पान वाचायचे आणि समोरचे मिटून ठेवायचे, याला न्याय म्हणता येणार नाही. अठराव्या वर्षी मतदान करता येते, सैन्यात भरती होता येते, मग पिस्तूल का नको, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तरही आहे. सैन्यात त्याच तरुणाला आधी शिकवतात, त्याच्यावर वरिष्ठांची नजर असते आणि काम संपले की शस्त्र शस्त्रागारात जमा होते. रस्त्यावर यातले काहीच नाही.

आणि हा रस्ता मोटारीचा आहे. वयाच्या वादात हा भाग कायम मागे राहतो. अनेक राज्ये गाडीला घराचाच भाग मानतात. टेक्सासने २००७ मध्येच स्वतःच्या गाडीत विनापरवाना पिस्तूल नजरेआड ठेवण्याची मुभा दिली. पण घर जागेवर असते, गाडी राज्याची हद्द ओलांडते. १९८६ चा केंद्रीय कायदा अशा प्रवासाला संरक्षण देतो, तेही अटींवर: पिस्तूल रिकामे हवे, ते आणि गोळ्या हाताशी नकोत, आणि स्वतंत्र डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी. डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही. किती तरुणांना हे माहीत असते? पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली एक तरुण आई २०१३ मध्ये न्यू जर्सीत अडवली गेली. पिस्तूल असल्याचे तिने पोलिसाला आपणहून सांगितले आणि तिच्यासमोर काही वर्षांची सक्तीची कैद उभी राहिली. २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली म्हणून ती सुटली. मिनेसोटात जुलै २०१६ मध्ये फिलँडो कॅस्टिल याने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे पोलिसाला शांतपणे सांगितले. परवाना असूनही काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. तो अधिकारी निर्दोष सुटला. आता प्रत्येक गाडीत विशीच्या आतला मुलगा आणि भरलेले पिस्तूल असू शकते, असे धरून चालणारे पोलीस किती सावकाश वागतील?

न्यूयॉर्कचा कायदा आणखी एक गोष्ट सांगतो. गाडीत पिस्तूल सापडले की, काही अपवाद वगळता, ते गाडीतल्या सर्वांच्या ताब्यात होते असे गृहीत धरता येते. १९७३ मध्ये तिथल्या महामार्गावर वेगाबद्दल अडवलेल्या एका गाडीत सोळा वर्षांच्या मुलीच्या उघड्या पर्समध्ये दोन पिस्तुले सापडली. तिच्यासह तिघा पुरुषांनाही शिक्षा झाली आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

इथे हा प्रश्न आपल्या घरात शिरतो. डॅलसपासून जर्सी सिटीपर्यंत मराठी मुले शिकत आणि नोकरी करत आहेत. विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून, अमेरिकेत बंदूक बाळगणे हा केंद्रीय गुन्हा आहे. राज्याने कितीही मोकळीक दिली तरी. शस्त्रगुन्ह्यात दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढता येते, ग्रीन कार्ड असले तरीही. आपल्याकडे परवान्याशिवाय पिस्तूल म्हणजे तुरुंग, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे वर्गमित्राच्या गाडीच्या कप्प्यात ते असेल, हे नव्याने गेलेल्या मुलाच्या मनातही येत नाही. विमानात बसण्यापूर्वी हे त्याला कुणीतरी सांगायला हवे. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी हे काम हाती घ्यावे. तिथेच वाढलेल्या आपल्या नातवंडांशीही अठरावा वाढदिवस यायच्या आत याविषयी बोलायला हवे.

२०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचे पहिले कारण बंदूक आहे. २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. विशीच्या उंबरठ्यावरचे नैराश्य तीव्र असते आणि पुष्कळदा ओसरतेही. पण हाताशी पिस्तूल असेल तर ते ओसरेपर्यंतचा वेळच उरत नाही. शिवाय उभ्या गाड्यांमधून चोरीला गेलेली पिस्तुले गुन्हेगारांच्या हाती जातात, ते वेगळेच. कोलोरॅडोने १ जानेवारी २०२५ पासून उभ्या गाडीतले पिस्तूल कुलूपबंद पेटीतच ठेवणे सक्तीचे केले. एवढा साधा नियम सर्व राज्यांत नसावा, हे चीड आणणारे आहे.

खरा धोका पुढे आहे. एका राज्यात पिस्तूल बाळगण्याचा हक्क असेल तर तो इतर राज्यांनी मान्य करावा, असे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत झाले होते. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. २०२५ मध्ये तसेच विधेयक पुन्हा मांडले गेले. ते कायदा झाले तर लुइझियानाचा अठरा वर्षांचा चालक विनापरवाना, भरल्या पिस्तुलासह न्यू जर्सीच्या रस्त्यावर उतरेल आणि तिथल्या पोलिसांना त्याला अडवता येणार नाही. सर्वांत सैल राज्याचा नियम मग सगळ्या देशाचा नियम होईल. सिनेटने हे विधेयक रोखले पाहिजे. जिथे २१ ची अट शाबूत आहे तिथल्या राज्यांनी टेनेसीसारखी तडजोड न करता ती शेवटच्या अपिलापर्यंत लढवली पाहिजे. कोलोरॅडोचा कुलुपाचा नियम तर प्रत्येक विधिमंडळाने येत्या अधिवेशनातच करावा. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.