रक्ताचे अभयपत्र

दिवाळी आली की कापडवाले सवलत देतात, भांडीवाले देतात, ते समजते. आता रक्त तपासणारेही देऊ लागले आहेत! ‘सर्वांगाची तपासणी, शिवाय कॅन्सरच्या चाचण्या, सणानिमित्त निम्म्या दरात’ असा कागद परवा वर्तमानपत्राच्या घडीतून आमच्या ओसरीवर पडला. फराळाच्या ताटापाशी हे नाव काढले म्हणून गृहिणींनी माझ्यावर रागावू नये. ते आधी दुकानदाराने काढले. आणि त्याच्या मालात खोट आहे म्हणून मला लिहिणे भाग पडले.

या मालात सीईए आणि सीए १९-९ अशी दोन द्रव्ये मोजून मिळतात. ज्याला कॅन्सर झालेलाच आहे त्याला उपचार मानवतो की नाही, हे पाहण्यासाठी डॉक्टर ती मोजतात. तेथे त्यांचे काम आहे. परंतु जठराचा कॅन्सर कोवळा असताना ती पुष्कळदा वाढतच नाहीत. उलट विडी ओढणाऱ्याचे सीईए कॅन्सरवाचूनही वाढलेले सापडते. चोर शिरला तरी झोपून राहणारा आणि पाहुणा दिसताच भुंकणारा कुत्रा कोणी पाळील काय?

असा एक कागद माझ्या थोरल्या बहिणीने जपून ठेवला होता. चार घासांत तिचे पोट भरे, अंगावरची चोळी सैल होऊ लागली. पण ‘पित्त आहे रे’ म्हणून ती गोळ्या घेई आणि कोणी बोलले की तो कागद पुढे करी. आठ महिन्यांनी पोटात दुर्बीण घातली, तेव्हा करण्याजोगे फार थोडे उरले होते. दुकानदाराला मी एकट्याला दोष देत नाही. ती तपासणी भाऊबीजेच्या ओवाळणीत मीच घातली होती.

मग रक्तातून काहीच कळत नाही काय? कळते, पण रोग नव्हे, रोगाचा धोका कळतो. ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू उजेडात आणला. १९८४ मध्ये मार्शलसाहेबांनी तो स्वतः पिऊन दाखविला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याची गणना कॅन्सरकारकांत केली. हा जंतू वर्षानुवर्षे राहिला की कित्येकांच्या जठराचे अस्तर सुकते, आणि तेथे तयार होणारे पेप्सिनोजेन-१ रक्तात घटते. ते मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा कमी आणि पेप्सिनोजेन-२ च्या तिप्पट किंवा त्याहून कमी भरले, की जपानी डॉक्टर अस्तर सुकले असे समजतात व दुर्बिणीने पाहतात.

मात्र येथेही फसगत आहे. आपण ज्या पित्ताच्या गोळ्या चण्याफुटाण्यांसारख्या खातो, त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांनी हा आकडा चढतो आणि सुकलेले अस्तर झाकले जाते. औषधाने जंतू मारल्यावर आकडे सुधारतात, धोका मात्र पुरता जात नाही. शिवाय काही कॅन्सर अस्तर न सुकताच होतात. म्हणून ज्या जपानात ही चाचणी रुजली, तेथील २०१४ च्या शिफारशींतही सरसकट सर्वांसाठी क्ष-किरण आणि दुर्बीण यांनाच मान मिळाला. रक्ताच्या चाचणीला पुरावा अपुरा ठरला.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, दुर्बीण गिळण्यापेक्षा सुई बरी!’ खरे आहे. प्रत्येकाने दुर्बीण गिळावी असे मी म्हणत नाही. मिझोरामसारखा प्रदेश सोडला, तर जपानइतका हा रोग आपल्याकडे नाही. परंतु भूक मेली, वजन उतरले, गिळताना अडकू लागले, उलट्या थांबेनात, शौचास काळे होऊ लागले, किंवा आईबापांना वा भावंडांना हा रोग झाला, तर रक्ताचा कागद बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. आणि असे कागद विकणाऱ्यांनी त्यावर ठळक अक्षरांत छापावे: ‘हा कॅन्सर नसल्याचा दाखला नव्हे.’ एवढे छापावयास शाई फार लागत नाही.

यंदा भाऊबीजेला ओवाळून घेताना बहिणीच्या ताटात काय घालावयाचे ते घाला. पण पाटावरून उठण्यापूर्वी तिला विचारा, ‘ताई, जेवण नीट जाते ना?’ ती ‘पित्त आहे रे’ म्हणाली, तर तेवढ्यावर उठू नका.