कमरेखालचा वार

तुमच्या घरी निवडणुकीवरून भांडणं होतात का? आमच्या घरी होतात. आम्ही बडोद्याचे मराठी. रविवारी सकाळी सगळे एकत्र जमतो, पोहे होतात, चहा होतो आणि मग राजकारण सुरू होतं. अशाच एका रविवारी मी वाद जिंकले आणि काकांना दुखावलं. त्याचीच ही गोष्ट.

काका बॉक्सिंगचे जुने शौकीन. बॉक्सिंग म्हटलं की बहुतेकांना माईक टायसनने 1997 मध्ये इव्हँडर होलिफिल्डचा कान चावला तेवढंच आठवतं. काकांना मात्र आठवतो तो फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ. 2015 च्या मे महिन्यात त्याची फ्लॉइड मेवेदरशी लढत झाली, तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ होती. काकांनी मला शेजारी बसवून ती दाखवली. पॅकियाओ गुणांवर हरला आणि काका दुपारी जेवले नाहीत!

तर त्या रविवारी काकांचं म्हणणं असं होतं, की निवडणुकीत खेळाडूंनाच तिकीट द्यायला हवं. "ज्यानं रिंगमध्ये रक्त आटवलंय, तो लोकांना फसवणार नाही. पॅकियाओला बघ."

मी बघितलंच होतं. कंटेंट रायटर असल्याने मोबाईल हातात आणि माहिती दोन मिनिटांत समोर. म्हटलं, "काका, बघूच या."

पॅकियाओ 2007 मध्ये पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला आणि हरला. 2010 मध्ये सारंगानी प्रांतातून खासदार झाला. पण त्याचं बॉक्सिंग सुरूच होतं. 2014 मध्ये संसदेत सर्वांत जास्त गैरहजर राहणाऱ्यांत त्याचं नाव अगदी वर होतं. 2016 च्या फेब्रुवारीत त्याने समलैंगिक व्यक्तींची तुलना जनावरांशी केली. नाइकीने त्याच्याशी करार तोडला, त्याने माफी मागितली. आणि तीनच महिन्यांनी तो 1 कोटी 60 लाखांहून जास्त मतं घेऊन सिनेटवर निवडून आला.

"बघा," मी म्हटलं, "मतं पडली ती ठोशांना. कामाला नाही."

मग मी आपल्या विजेंदर सिंगकडे वळले. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगचं भारताचं पहिलं पदक त्याचंच. 2019 मध्ये तो काँग्रेसतर्फे दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभा राहिला, तिसरा आला. 2024 मध्ये भाजपमध्ये गेला. मी विचारलं, "काका, यातल्या कुठल्या पक्षाचा विजेंदर चांगला, ते ऑलिम्पिकचं पदक सांगतं का?"

काका गप्प झाले. पोह्यांच्या बशीतली शेव बोटाने इकडेतिकडे करत बसले. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पण जिंकताना थांबणं अवघड असतं. मी म्हणून गेले, "काका, तुम्हाला माणसं ओळखताच येत नाहीत. दुकानाच्या वेळीही तेच झालं होतं ना?"

काकांनी एका मित्रावर विश्वास ठेवून भागीदारीत दुकान टाकलं होतं. ते बुडालं. त्यावर आमच्या घरात कोणी बोलत नाही. आई स्वयंपाकघरातून फक्त एवढंच म्हणाली, "पुरे आता." काकांनी बशी खाली ठेवली, चप्पल घातली आणि निघून गेले. पुढचे दोन रविवार ते आले नाहीत.

त्या दिवसांत मी पॅकियाओची आणखी एक लढत शोधून पाहिली. काका नेहमी तिच्याबद्दल सांगायचे आणि मी "हो हो" म्हणून सोडून द्यायचे. 13 नोव्हेंबर 2010, अमेरिकेतलं टेक्सास. समोर मेक्सिकन वंशाचा अँटोनिओ मार्गारिटो, उंचीने मोठा आणि लढतीच्या रात्री पॅकियाओपेक्षा तब्बल 17 पौंडांनी जास्त वजनाचा.

हा मार्गारिटो काही सरळ नावाचा नव्हता. 2009 मध्ये शेन मोस्लीशी लढण्याआधी त्याच्या हाताच्या पट्ट्यांखाली प्लास्टरसारखा कडक पदार्थ लावलेलं पॅड सापडलं होतं. मोस्लीच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली म्हणून ते पकडलं गेलं. आपल्याला ठाऊक नव्हतं, असं मार्गारिटोचं म्हणणं होतं. तरी त्याचा परवाना रद्द झाला.

अशा माणसाला पॅकियाओने बारा फेऱ्या झोडपलं. मार्गारिटोचा चेहरा सुजून डोळा बंद होत आला. डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं, नंतर शस्त्रक्रिया करावी लागली. अकराव्या फेरीत पॅकियाओ ठोसे मारता मारता रेफरीकडे पाहतो, लढत थांबवा म्हणून. रेफरी थांबवत नाही. मग शेवटच्या फेरीत पॅकियाओ स्वतःच हात आवरता घेतो. हवा असता तर नॉकआउट मिळाला असता. नंतर त्याने सांगितलं, की बॉक्सिंग म्हणजे एकमेकांचा जीव घेणं नव्हे.

त्या वेळी तो खासदार होता. संसदेत गैरहजर राहणारा माणूस आणि जिंकत असताना हात आवरणारा माणूस, दोन्ही एकच. मी काकांना पहिला दाखवला, काका मला दुसरा दाखवत होते. आमचं दोघांचंही अर्धंच खरं होतं.

मला वाटतं, रिंग माणसाला एक-दोन गोष्टी नक्की शिकवते. 2022 मध्ये पॅकियाओ राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तिसरा आला. मतमोजणी चालू असतानाच त्याने पराभव मान्य केला. हार कशी स्वीकारायची ते बॉक्सरला ठाऊक असतं, अशा अर्थाचं तो बोलला. आजकाल किती उमेदवारांना हे जमतं? विजेंदरचंही एक आठवतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वरळीला त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं. तेव्हा डोकलामवरून भारत-चीन तणाव होता. जिंकल्यावर विजेंदर म्हणाला, सीमेवर शांतता राहणार असेल तर हा किताब मी त्याला परत देतो. हे मोठं मन आहे, यात शंका नाही.

पण कायदे वाचणं, बैठकांना बसणं, पाण्याच्या टाकीसाठी पाठपुरावा करणं हे रिंग शिकवत नाही. म्हणून खेळाडू असो, नट असो की वकील, उमेदवाराच्या हाताची पट्टी आपणच तपासायची. मोस्लीच्या प्रशिक्षकाने तपासली तशी, लढत सुरू व्हायच्या आधी. आपल्याकडे त्याची सोय आहे. लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावं लागतं. त्यात गुन्हेगारी खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर ते मोबाईलवरच वाचता येतं. आधी निवडून आलेला असेल, तर सभागृहात किती दिवस हजर होता तेही बघा.

आणि हे सगळं वाचून झाल्यावर, ती माहिती घरच्यांच्या डोक्यात घालू नका. हा सल्ला मी मलाच देतेय.

तिसऱ्या रविवारी मीच काकांकडे गेले. म्हटलं, "काका, दुकानाचं बोलायला नको होतं. चुकलं माझं." काका काही बोलले नाहीत. टीव्हीचा आवाज कमी केला आणि काकूला म्हणाले, "हिला चहा टाक गं." थोड्या वेळाने मी सांगितलं, मार्गारिटोची लढत पाहिली. तेव्हा त्यांनी मान वर केली. "अकरावी फेरी पाहिलीस?"

"पाहिली."

"मग?"

"तुमचा पॅकियाओ चांगला आहे. पण मत मी त्याला देणार नाही."

काका हसले. दुकानाचा विषय मात्र त्यांना अजून बोचत असणार. माफी मागितली म्हणून शब्द परत येत नाहीत. पुढच्या रविवारी ते आले, पोहे खाल्ले आणि खेळाडूंना तिकीट द्यायला हवं हे पुन्हा एकदा ठासून सांगितलं. मी शपथपत्राचं बोलले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पण या वेळी तिला मधे पडावं लागलं नाही.

तुमच्या घरात "पुरे आता" कोण म्हणतं? आणि ते तुम्ही ऐकता का?