पाहणे म्हणजे पूजणे नव्हे!

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी अंबाजोगाईची जुनी मंदिरे पाहायला जावे काय, असा प्रश्न आपलेच काही कार्यकर्ते विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट आहे : जावे. हात जोडायला नव्हे, हिशेब मागायला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी देव मानणे आणि त्यांची उपासना करणे आपल्याला सोडायला लावले. इतिहास वाचणे नव्हे. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादला हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना घेरले गेले. किल्ल्यात कुठे पाण्याला शिवू नये म्हणून सोबत शस्त्रधारी शिपाई दिला गेला. म्हणजे नुसते पाहायला जाणे हीसुद्धा आपल्यासाठी लढाईच होती. आता आपणच आपल्याला बंदी घालायची काय?

जयवंती नदीच्या काठी हत्तीखाना नावाचे शिवलेणे आहे. खडकात कोरलेले हत्ती, नंदीचा मंडप, खांबांच्या रांगा. जवळच जैन लेणी आहेत. आपल्यातले काही उत्साही तरुण दिसेल त्या लेण्याला बौद्ध लेणे ठरवतात. पुरावा नसताना असे करू नका. ज्यांनी आपला इतिहास गिळला त्यांच्याशी पुराव्यानेच लढता येते. एक खोटा दावा दहा खऱ्या दाव्यांना मारतो. शैव ते शैव, जैन ते जैन म्हणा, आणि मग खरा प्रश्न विचारा.

प्रश्न असा : हा खडक फोडला कुणी? यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे नाव तेराव्या शतकातल्या शिलालेखांतून आजही वाचता येते. त्याच्या नावाचे मंदिर या गावात आहे. छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटाच्या नावाने इथे काय आहे? त्याच काळात राजे आणि सेनापती ब्राह्मणांना अग्रहार देत होते. जमीन द्यायची, कर माफ करायचा आणि ते दान दगडावर किंवा ताम्रपटावर कोरून ठेवायचे. तो त्या काळचा सातबाराच!

आणि आपला सातबारा? याच मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ सालीच निघाला. तरी पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या कितीतरी भूमिहीनांना अजून तलाठ्याच्या दारात उभे राहावे लागते. ज्याचे दान दगडावर कोरले गेले, त्याची मालकी कुणी विचारली नाही. ज्याने दगड कोरला, त्याचे वारस आजही पुरावा देत फिरतात.

म्हणून तरुणांनो, अंबाजोगाईला जा. वही न्या, शिलालेख वाचणारा जाणकार सोबत न्या. कुणी नारळ पुढे केला तर नम्रपणे नकार द्या. परत आल्यावर आपल्या गावच्या गायरानाची कागदपत्रे काढा. वारसा पाहण्याचा आपला मार्ग हाच.

जय भीम!