गिरणीच्या शेडमध्ये एस.टी. का उभी राहू नये?

दादर टी.टी.ला रात्री दहाच्या सुमारास जाऊन बघा. कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे जाणाऱ्या खासगी गाड्यांची वाट बघत आपली माणसे बोचकी घेऊन फुटपाथवर बसलेली असतात. बायाबापड्यांना लघवीला जायला जागा नाही, पाऊस आला तर दुकानाच्या फळीखाली उभे राहायचे आणि दुकानदाराने हाकलले की पुन्हा रस्त्यावर यायचे. तिथून डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्याने परळच्या दिशेने चालत निघालात तर हिंदमाताजवळ टाटा मिल लागते. 2020 च्या टाळेबंदीत तिची चाके थांबली, ती पूर्ववत सुरू झालीच नाहीत. एका बाजूला डोक्यावर छप्पर नसलेली माणसे आणि हाकेच्या अंतरावर माणसे नसलेले छप्पर! हा प्रकार शासनाला दिसत नाही असे आम्ही मानत नाही. दिसतो, पण त्यांना तिथे वेगळेच काही दिसते.

काय दिसते ते 2005 साली साऱ्या मुंबईने पाहिले आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने त्या वर्षी गिरणगावातल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. मुंबई टेक्स्टाईल मिलचे 702 कोटी आले, दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक तीनचे 421 कोटी. या कोहिनूरची जागा शिवाजी पार्कच्या तोंडाशी आहे. 6 डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून लाखो बांधव दादर स्टेशनला उतरतात आणि त्याच भागातून चैत्यभूमीकडे चालत जातात. तिथे आज टोलेजंग इमारत उभी आहे आणि तिच्यात सार्वजनिक वाहनतळ आहे. म्हणजे मोटारी ठेवण्याची सोय झाली. पायी येणाऱ्यांसाठी महापालिका दरवर्षी मैदानात मांडव घालते आणि काढून टाकते.

यावर कुणी म्हणेल, जमीन गेली, आता रडून काय उपयोग? उपयोग आहे. 1996 साली राज्य शासनानेच चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली गिरण्यांच्या जमिनींसाठी अभ्यासगट नेमला होता. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानके एकमेकांना चिकटून आहेत. त्यांच्या परिसरात गिरण्यांच्या जमिनीतून मोकळा चौक करावा, पायी चालणाऱ्यांना जागा द्यावी, असे या गटाने सुचवले होते. अहवाल दप्तरात गेला. 1991 च्या नियमाप्रमाणे जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. 2001 मध्ये नियम असा काही फिरवला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल. ज्या जमिनीवर गिरणीचे बांधकाम उभे होते ती वाटणीतून सुटली! मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन मिलच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, हजारो नोकरदार रोज त्याच दोन स्थानकांवर उतरू लागले आणि जिना मात्र जुनाच राहिला. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी त्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली. त्यानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला. म्हणजे करायचे म्हटले तर होते.

पुण्याचेच बघा. मेट्रोसाठी शिवाजीनगरचे एस.टी. स्थानक हलवायचे ठरले तेव्हा वाकडेवाडीची सरकारी दूध योजनेची जागा दिली गेली आणि 2019 च्या अखेरीस गाड्या तिथून सुटू लागल्या. तेव्हा कुणी बाजारभाव विचारला नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे की टाटा मिलच्या जागेत लोकांसाठी वाहतूक केंद्र करावे. जागा आंबेडकर रस्ता आणि रेल्वे मार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात आहे, परळ स्टेशन पायी अंतरावर आहे. गिरणीच्या शेडचे खांब जवळजवळ असतात, त्यामुळे आत बस वळणार नाही हे आम्हालाही कळते. बस अंगणात उभ्या कराव्यात. शेडमध्ये तिकीटघर, बसायला बाकडी, सामान ठेवायची खोली, बायकांसाठी स्वच्छ संडास, लेकराला पाजायला आडोसा करावा. करवतीच्या दातांसारख्या छपरातून उत्तरेचा उजेड आत येतो, दिवसा दिवेही फारसे लागणार नाहीत. बेस्ट, एस.टी. आणि लोकल एका ठिकाणी जोडली गेली तर टॅक्सीचे पैसे वाचतील. बेस्टचे किमान भाडे मे 2025 मध्ये पाचाचे दहा रुपये झाले, तेव्हा ही बचत कुणाच्या खिशातली आहे हे वेगळे सांगायला नको.

गिरणी कामगारांच्या घरांचे काय, हा प्रश्न आमच्याच लोकांनी आम्हाला विचारला आणि तो रास्त आहे. दीड लाखाहून अधिक कामगार-वारसांनी अर्ज केले, पहिली सोडत निघायला 2012 उजाडले आणि 2025 मध्ये त्यांना शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला गेला. घरे गिरणगावातच मिळाली पाहिजेत, त्यात तडजोड नाही. परंतु घरे आणि स्टँड यांची झुंज लावून देणे हा बिल्डरांचा जुना डाव आहे. दोघांना पुरेल इतकी जमीन बंद गिरण्यांत अजून आहे. पुरणार नाही ती मॉललाच.

या जमिनीवर आमचा हक्क दयेचा नाही. तोंडाने धागा ओढावा लागतो, विटाळ होतो, म्हणून कापडखात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. तो कमी पगाराच्या सूतखात्यात राबला. 1928-29 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला तेव्हा लाल बावट्यालाही उत्तर द्यावे लागले. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात परळ-नायगाव-वरळीच्या चाळींतली आपली घरेही चुलीसकट होती. इंदू मिलची जमीनही मागून मिळाली नव्हती. 6 डिसेंबर 2011 ला भीमसैनिक आत शिरले, त्यानंतर वर्षाने केंद्र सरकारने ती स्मारकाला देण्याची घोषणा केली.

टाटा मिलसाठी आज भिंत ओलांडायची गरज नाही. विकास आराखड्यात फेरबदल करण्याची तरतूद नगररचना कायद्याच्या कलम 37 मध्ये आहे. महापालिकेने या भूखंडावर वाहतूक केंद्राचे आरक्षण टाकण्याचा प्रस्ताव मांडावा. सूचना प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना एक महिना असतो. तोवर वॉर्डावॉर्डातल्या शाखांनी आणि बुद्धविहारांच्या समित्यांनी आपापल्या नगरसेवकाकडे लेखी मागणी द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.